दणकट क्रियापदं आणि एक रिपोर्ट

परवा एका कॉलेजनं मला 'लेखन प्रभावी कसं करावं' यावर बोलायला बोलावलं. मी गेले, दीड तास बोलले, आणि नेहमीसारखं सांगितलं, की बाळांनो, विशेषणं कमी करा आणि क्रियापदं दणकट वापरा. बाळांनी लिहून घेतलं. चहापाण्याच्या वेळी एक मुलगी विचारत होती, "मॅडम, तुम्ही हे कुणाकडून शिकलात?" तिला सरांचं नाव सांगितलं. दुसरं नाव सांगितलं नाही. ते इथंही सांगणार नाही, पण बाकीचं सांगते.

सर म्हणजे आमचे निवृत्त मराठीचे शिक्षक. तेव्हा आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं, आणि दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता समर्थनगरात सरांच्या ओट्यावर आम्ही सहा-सात होतकरू लेखक जमायचो. होतकरू म्हणजे ज्यांचं एक अक्षरही छापून आलेलं नाही, पण ज्यांना घरात उगीच उदास चेहरा करून बसायची सवय लागलेली आहे, असे. मी त्यातलीच. वाळूजच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात क्लार्क, औरंगपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या, नवरा बँकेत, आणि कपाटात साड्यांच्या खाली अकरा अर्धवट कथा.

सरांच्या हातात तांबडी पेन्सिल असायची. होणे, करणे, असणे, येणे, जाणे या पाच क्रियापदांवर सरांचा दात होता. त्यांना ते 'आळशी पंचायत' म्हणत. कुणी बिचाऱ्यानं 'त्याला राग आला' असं वाचलं, की सर मांडीवर थाप मारायचे. "राग आला? कुठून आला? एसटीनं आला का? अहो, तो संतापला म्हणा, भडकला म्हणा, फणफणला, धुमसला, करवादला! एवढी क्रियापदं कुणासाठी राखून ठेवलीत?"

आम्ही माना डोलवायचो. माझ्यात हे वेड जरा जास्तच भिनलं. नवऱ्यानं घरी येऊन सरळ मनानं विचारलं, "स्वयंपाक झाला का?" की मी सुरू. "झाला म्हणजे? आपोआप झाला? कुणीतरी भाजी निवडली, चिरली, फोडणीला टाकली, कणीक तिंबली, पोळ्या लाटल्या, तेव्हा तो झाला." नवरा हात धुऊन पाटावर बसायचा आणि म्हणायचा, "बरं. वाढ."

एक वही केली होती मी, नुसत्या क्रियापदांची. शहागंजात भाजी घ्यायला गेले की कान टवकारलेले. मी वांगी निवडत बसले तर भाजीवाला करवादायचा, "कायकू इत्ता चिवडते बाई? सब एकीच झाड के हैं." मी वांगी तशीच टाकून 'चिवडणे' लिहून घ्यायचे. तो माझ्याकडं बघत राहायचा. त्या वेळी मला वाटायचं, लेखक होण्याची ही किंमत असते.

सरांच्या या रागाला मात्र कारण होतं. ते निजामाच्या राजवटीत वाढलेले. मॅट्रिकपर्यंतचं सगळं शिक्षण उर्दूत, आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर हट्टानं मराठी शिकून त्याच मराठीचे मास्तर झालेले. वडील तहसिलीत कारकून होते. सर सांगायचे, "वडिलांच्या कागदात कधी कुणी काही करतच नसे. गावात गोळी चालली, माणूस मेला, तर कागदावर काय? 'नाखुशगवार वाकया पेश आया.' अप्रिय घटना घडली! गोळी कुणी झाडली? घटनेनं! निजाम गेला हो, पण हे क्रियापद गेलं नाही. मराठी नेसून पुन्हा त्याच खुर्चीवर बसलं. लक्षात ठेवा, ज्याला लपायचं असतं तो 'झालं' म्हणतो."

मी ते वाक्य वहीत उतरवलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि सोमवारी सकाळी क्रांती चौकातून कंपनीची बस पकडून कामावर गेले आणि टाइप केलं : 'सर्व कामगारांस कळविण्यात येते की...'

कळविण्यात येते. कोण कळवतंय? विचारायचं नाही. कँटीनमधला चहाचा कप लहान करण्यात आला आहे. सायकल स्टँड हलविण्यात येत आहे. उशिरा येणाऱ्यांची गय केली जाणार नाही. आमच्या कारखान्यात साडेचारशे माणसं राबत होती, पण नुसता नोटीस बोर्ड वाचला असता तर कुणालाही वाटलं असतं, इथं चिटपाखरू नाही, सगळं आपलं आपण चाललंय. आणि हे सगळं लिहिणारी कोण, तर शनिवारच्या ओट्यावरची रणरागिणी.

आमचे पर्सोनेल ऑफिसर, म्हणजे साहेब, फार सभ्य. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. शिपायालासुद्धा 'अहो' म्हणायचे. माणूस इतका सभ्य असला की त्याला नाही म्हणायला आपल्यालाच अवघड वाटतं, हे मला फार उशिरा उमगलं.

माझ्या वहीतली सगळ्यात चांगली क्रियापदं ना सरांची ना भाजीवाल्याची. ती प्रेसवरच्या एका कामगाराची. गंगापूर तालुक्यातला, तिशीचा, बजाजनगरात एका खोलीत बायको आणि दोन लेकींसह राहायचा. गावी भाऊ शेती बघायचा, आणि हंगाम आला की हा रजा टाकून पळायचा. रजेचा फॉर्म भरून घ्यायचं काम माझं.

"कारण काय लिहू?"

"गहू सोंगायचाय, मॅडम."

"सोंगायचा?"

"विळ्यानं कापायचा. तुमी कापता, आमी सोंगतो."

पुढच्या खेपेला तूर बडवायची असायची. मग वावर वखरायचं, सरकी टोबायची, बाजरी उफणायची. एकेक शब्द तो असा सहज टाकायचा, आणि मी इकडं वही काढून भराभरा उतरवायचे. फॉर्मवर मात्र दर वेळी एकच : 'घरगुती कारणास्तव'. चौथ्या-पाचव्या वेळी त्यानं ते वाकून पाहिलं.

"मॅडम, सोंगणं वहीत अन् घरगुती फारमात? हे उलटं नाय का झालं?"

मी खळखळून हसले. काय सुंदर बोलतो म्हणून तेही वहीत लिहून घेतलं. त्याला काय म्हणायचंय याचा विचार करायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता प्रेस म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग आमच्याकडं दाबून काढायचे. मशीनला दोन बटणं. डावा हात एका बटणावर, उजवा दुसऱ्यावर, दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली यायचा. म्हणजे हात मध्ये सापडायची सोयच नाही. ज्यानं कुणी हे शोधलं तो शहाणा माणूस असणार. पण त्यानं आमचं टार्गेट पाहिलेलं नव्हतं. दोन्ही हात बटणांवर ठेवायचे तर पत्रा सरकवायला तिसरा हात आणायचा कुठून? दर नगाला हात उचला, पत्रा सरकवा, परत हात ठेवा. दिवसाचा आकडा गाठता गाठत नाही. त्यावर आमच्या फोरमननं देशी इलाज काढला होता. पॅकिंगच्या खोक्याची फळी फोडायची, तिची बोटभर खुंटी तासायची, डावं बटण दाबायचं आणि फटीत ती खुंटी हातोडीनं ठोकून द्यायची. बटण कायमचं दाबलेलं, डावा हात मोकळा. त्यानं पत्रा सरकवा, उजव्यानं प्रेस पाडा. काम दुप्पट वेगानं.

हे सगळ्यांना माहीत होतं. सरकारी इन्स्पेक्टर गेटवर आला की खुंट्या खिशात जायच्या, आणि तो चहा-बिस्किटं घेऊन गेला की परत बटणात. मलाही माहीत होतं. मी नोटीस लावायला शॉपमध्ये जायचे तेव्हा फोरमनला खुंटी ठोकताना मी या डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही, चार-पाचदा. एकदा तर तो मला पाहून हसत म्हणाला होता, "मॅडम, कान झाका." मी झाकले.

एका मंगळवारी, पहिल्या पाळीत, अकराच्या सुमारास शॉपमधले सगळे प्रेस एकदम थांबले. दिवसभर त्या दणक्यांनी आमच्या ऑफिसच्या खिडकीची तावदानं थरथरायची, ती गप्प झाली. मी बाहेर आले तर गंगापूरच्या त्या कामगाराला दोघं धरून आणत होते. डाव्या हाताला गुंडाळलेलं फडकं त्यानं उजव्या हातानं घट्ट धरलेलं. तोंड पांढरंफटक. जीपमध्ये बसता बसता तो वॉचमनला सांगत होता, "माझी सायकल तेवढी आत घ्या." तीन बोटं गेली होती.

दुपारी साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, अपघाताचा रिपोर्ट करायचाय. तुम्ही लेखिका आहात, व्यवस्थित लिहाल."

मी लिहिला. 'फोरमनने मशीनचे डावे बटण लाकडी खुंटी ठोकून दाबून ठेवले होते. कामगार पत्रा सरकवीत असता प्रेस कोसळला व त्याने कामगाराची तीन बोटे चिरडली.' ठोकून, कोसळला, चिरडली. आज सांगायला लाज वाटते, पण कागद टाइपरायटरमधून काढताना माझ्या मनात पहिला विचार काय आला माहीत आहे? वाक्य जमलंय. सरांना दाखवायला हवं.

साहेबांनी चष्मा लावला, शांतपणे वाचलं आणि खिशातलं पेन काढलं.

"छान लिहिलंय. पण मॅडम, ही कथा नाही. खुंटी कुणी ठोकली?"

"फोरमननं."

"आज ठोकताना तुम्ही पाहिलं?"

"आज नाही. पण एरवी—"

"एरवीचा रिपोर्ट नाही हा." त्यांनी ते वाक्य खोडलं. "प्रेस कोसळला म्हणजे? प्रेस जागच्या जागी उभा आहे. आणि चिरडली काय, अहो, वाचणाऱ्याला कसं वाटेल?" तेही खोडलं. शनिवारी एक गृहस्थ माझी मेलेली क्रियापदं खोडायचे, आणि हे दुसरे गृहस्थ मंगळवारी जिवंत होती तेवढी वेचून खोडत होते. मग त्यांनी मला सांगितलं, घ्या : 'काम करीत असताना कामगाराचा डावा हात अनवधानाने प्रेसमध्ये गेला व त्यास दुखापत झाली.'

हात गेला. कुणाला विचारून गेला, कशाला गेला, काही नाही. हाताला वाटलं, चला, जरा प्रेसमध्ये जाऊन येऊ.

मी म्हणाले, "साहेब, यानं सगळं त्याच्यावर येईल."

"काही येत नाही. बरा झाला की हलकं काम देऊ त्याला. तुम्ही काळजी करू नका." आणि मग, अगदी सहज, "हो, तुमची फाइलही माझ्याच टेबलावर आहे. प्रोबेशन संपतंय ना पुढच्या महिन्यात? बघतो या आठवड्यात."

धमकी दिली असती तर मी कदाचित उसळले असते. पण साहेब सभ्य. त्यांनी नुसती माहिती दिली. मी बाहेर येऊन ते वाक्य टाइप केलं. बोटं झरझर चालली, दहाच्या दहा शाबूत. खाली 'रिपोर्ट लिहिणार' असं छापलेलं होतं, तिथं सही केली.

हलकं काम वगैरे काही मिळालं नाही. जखम भरून तो कामावर हजर व्हायला आला तर हातात आरोपपत्र : निष्काळजीपणा, स्वतःच्या व इतरांच्या सुरक्षिततेस धोका. कंपनीनं बाहेरून एक वकील चौकशी अधिकारी म्हणून आणला. कॉन्फरन्स रूममध्ये टेबलाच्या एका टोकाला हा कामगार, हात रुमालात लपवलेला, आणि दुसऱ्या टोकाला मी, नोंद घ्यायला. त्यानं खुंटीचं सगळं सांगितलं.

चौकशी अधिकाऱ्यानं रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "खुंटीचा उल्लेख यात कुठं आहे?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मॅडमला ठावं हाय. मॅडम शॉपात यायच्या."

"मॅडम इथं नोंद घ्यायला बसल्यात, साक्ष द्यायला नाही."

केवढा आधार वाटला मला त्या वाक्याचा! मी खाली मान घालून लिहिलं : 'कामगाराने फोरमनवर बिनबुडाचे आरोप केले.' 'बिनबुडाचे' मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी माझं घातलं. विशेषणं कमी करा म्हणणारी मी.

पंधरा दिवसांनी त्याला कामावरून कमी करण्यात आलं. ते पत्रही मीच टाइप केलं. त्याच महिन्यात मला कायम करण्यात आलं, आणि मी ऑफिसात पेढे वाटले.

मन खायला लागलं. नाही कशाला म्हणू? बसमधून बजाजनगरचा फाटा दिसला की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायचे. जेवताना नवऱ्यानं विचारलं, काय झालंय, तर त्याच्यावर खेकसले. पण मन खात असलं की सामान्य माणूस माफी मागतो, नाहीतर देवाला जातो. लेखक माणूस कथा लिहितो. खाणं थांबत नाही, पण मजकूर तयार होतो.

चार शनिवारांत कथा पुरी झाली. पत्र्याच्या कारखान्याचा भांड्यांचा कारखाना केला, गंगापूरचा जिल्हाच बदलला, साहेबांना जाड केलं आणि फोरमनला मिशा दिल्या. खुंटी मात्र तीच ठेवली, खोक्याच्या फळीची, डाव्या बटणात ठोकलेली. आणि क्रियापदं? काय सांगू! वहीतला एकूण एक दाणा पेरला. माझा नायक सोंगत होता, बडवत होता, उफणत होता. प्रेस त्याच्या बोटांवर कोसळत होता, त्यांना चिरडत, चेचत होता. साहेब कागदावरची अक्षरं खरवडून काढत होता. कथेत एक क्लार्कही होती, पण ती दुसऱ्याच पानावर राजीनामा फेकून ताडताड निघून गेली. तेवढं लेखिकेला स्वातंत्र्य असतं.

ओट्यावर कथा वाचली तेव्हा सरांची पेन्सिल एकदाही कागदाला टेकली नाही. वाचून संपल्यावर ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बाई, यात एकही क्रियापद झोपलेलं नाही." मला भरून आलं. अजूनही खोटं का बोलू, त्या दिवशी मला त्या माणसाची आठवण आली नाही, मला नुसता आनंद झाला.

कथा दिवाळी अंकात छापून आली आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिली आली. समारंभ झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. अध्यक्ष म्हणाले, लेखिकेनं मुक्यांना वाचा दिली. तो माणूस मुका कधीच नव्हता. पाच खेपांत त्यानं मला अर्धी वही भरून दिली होती. पण अध्यक्षांना कुठं अडवता? मी नम्रपणे हात जोडले. सोमवारी नोटीस बोर्डावर साहेबांच्या सहीनं माझं अभिनंदन करण्यात आलं. साहेबांनी कथा वाचलेली नव्हती. ते म्हणाले, "आमच्या ऑफिसला भूषण आहे." आणि मी म्हणाले, "थँक्यू सर."

त्यानंतरच्या रविवारी दुपारी दाराशी तो उभा. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला दिवाळी अंक. शिव्या घालायला आला असेल असं वाटलं, आणि खरं सांगते, शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"या, बसा. चहा टाकते."

तो खुर्चीच्या कडेला टेकला. डावा हात मांडीखाली. आता एका गोदामावर राखणीला होता. बायको चार घरची धुणीभांडी करत होती. मोठ्या लेकीची शाळा बदलली होती. त्यानं लेबर कोर्टात केस घातली होती, काम परत मिळावं म्हणून.

"वकील म्हनतो, खुंटी पाहिलेला एक मानूस उभा करा, मंग बघू. शॉपातली पोरं नाय बोलनार, त्यायची नोकरी जाईन. मी म्हनलं, मंग संपलं. तर परवा बायकोनं कामाच्या घरून हे आणून दाखवलं." त्यानं अंक उघडला, पान बरोबर सापडलं, ओळीवर उजव्या हाताचं बोट ठेवलं. "इथं तर तुमी सगळं लिवलंय, मॅडम. फळीची खुंटी, हातोडी, डावं बटन, समदं. हेच तेवढं कोर्टात म्हना. नवीन काही नको."

"अहो, ती कथा आहे."

"व्हय."

"म्हणजे काल्पनिक असतं ते. रचलेलं."

तो विचारात पडला. "मंग हे खोटं, अन् रिपोर्टात लिवलं ते खरं?"

चहा उतू गेला. मी आत पळाले, पुसलं, उरलेला गाळून आणला. कप त्याच्या हातात देत म्हणाले, "बघते." सरांच्या आळशी पंचायतीत हे क्रियापद नव्हतं. सरांची मोठी चूक.

शनिवारी मी लवकर जाऊन सरांना सगळं सांगितलं. रिपोर्टसकट, सहीसकट. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगत होते. सर म्हणाले, "यात मला काय विचारता? जा आणि सांगा."

जा आणि सांगा. वहीत लिहून घ्यावं असं त्यात काही नव्हतं. मी मनात म्हटलं, सरांना बरं आहे, सरांना पेन्शन आहे. घरी येताना मी त्यांच्यावर चिडले होते, त्याच्यावर चिडले होते, सगळ्यांवर चिडले होते, फक्त एका व्यक्तीला सोडून. त्यानंतर मी ओट्यावर गेले नाही. सरांनीही निरोप पाठवला नाही.

कोर्टात जायची वेळ माझ्यावर आलीच, पण त्याच्या बाजूनं नाही. रिपोर्ट माझ्या सहीचा, म्हणून कंपनीनंच मला साक्षीदार केलं. सकाळी घरापाशी कंपनीची जीप आली. साहेब पुढं बसले होते, त्यांनी उतरून माझ्यासाठी दार उघडलं. सांगितलंच ना, सभ्य.

कंपनीच्या वकिलानं विचारलं, रिपोर्ट तुम्ही लिहिला? हो. सही तुमची? हो. त्यातला मजकूर खरा? हो. मग त्याचा वकील उठला. कोवळा पोरगा होता, डगला नवाकोरा. त्यानं दिवाळी अंक काढला आणि माझा परिच्छेद मोठ्यानं वाचायला घेतला. वाचन अगदीच वाईट. 'चिरडत' आणि 'चेचत' यांच्या मध्ये अडखळला, मागं कुणीतरी हसलं. आणि मी, त्या पिंजऱ्यात उभी असताना, मनात काय म्हणत होते? अरे, नीट वाच की.

"हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"हे खरं आहे?"

मी समोर पाहिलं. तो बाकावर पुढं सरकून बसला होता. शेजारी बायको, धाकटी लेक तिच्या मांडीवर. तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होती. त्यांचं सगळं त्या वेळी माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

"नाही. ती कथा आहे."

जज्जसाहेबांनी मान वर केली. "म्हणजे बटणात खुंटी ठोकलेली तुम्ही कधी पाहिली नाही?"

"मी पाहिली नाही."

या वाक्यात काहीच आपोआप झालेलं नव्हतं. ते मी केलं.

केस तो हरला. निकाल पुढं सहा-सात महिन्यांनी लागला, पण त्या सकाळीच सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्या दिवशी बाहेर पडले तर आवारात लिंबाखाली तो उभा. मी दुसरीकडून निघायला बघत होते, पण त्यानं हाक मारली. "मॅडम."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मी निभावून नेलं असतं.

"बायकोनं मला दोनदा वाचून दाखवलं ते. लई रडली. म्हनली, बाईनं असं लिवलंय जसं काही तिथं उभीच होती." तो एक पाऊल पुढं आला. "एक इचारू का? राग नका मानू. तुमी पाहिलंच नाय, तर ती खुंटी खोक्याच्या फळीची होती, डाव्या बटनात होती, हे तुमाला समजलं कसं?"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. फाटकापाशी ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"कल्पनेनं," मी म्हणाले, आणि कंपनीच्या जीपमध्ये जाऊन बसले.